कामट्यांचा कंदील, भाजणीची चकली: घरच्या घरी, कमी खर्चात (फक्त मापं आणि चुका)

कोयरी | २८ सप्टेंबर, रात्री ९:४०

दिवाळीच्या आठवणींचे धागे भरपूर आहेत, म्हणून इथे आठवणी नकोत. इथे लिहायचं ते माप, क्रम आणि बिघडलं तर का बिघडलं हे. बाजारातून तयार आणण्यापेक्षा घरी केलेलं स्वस्त पडतं ते पहिल्या फटक्यात जमलं तरच. अर्धा किलो भाजणी तेलात विरघळली की सगळी बचत कढईच्या तळाशी.

दोन गोष्टी मुख्य धरू: कामट्यांचा (बांबूच्या पातळ पट्ट्यांचा) पारंपरिक आकाशकंदील आणि भाजणीची चकली. बाकी उटणं, किल्ला, चिवडा ओघात आलं तर येऊ दे. ज्यांचे हात बसलेत त्यांनी सुरुवात करावी.

कामटी_दोरा | २८ सप्टेंबर, रात्री ११:०५

कंदिलाचं मी लिहितो. बाजू २० सेंमी धरून मापं देतोय. या मापाचा कंदील तयार झाल्यावर उंचीला आणि रुंदीला साधारण २८ सेंमी भरतो, म्हणजे गॅलरीला पुरतो.

सांगाड्याचं गुपित एवढंच की तो म्हणजे सहा सारखे चौकोन. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करायचे (पतंगासारखे) आणि त्यांचे आजूबाजूचे कोपरे एकमेकांना बांधून गोल पट्टा करायचा. वर जी चार टोकं येतात त्यांना पाचवा चौकोन आडवा बांधायचा, खालच्या चार टोकांना सहावा. एकूण बारा सांधे. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, त्यांना वेगळ्या काड्या लागत नाहीत.

सामान:
– कामट्या २४ नग, प्रत्येकी २१.५ सेंमी लांब, ५–६ मिमी रुंद, ३ मिमी जाड. शिवाय दिव्यासाठी आडव्या दोन, ३० सेंमीच्या.
– गोधडीचा जाड दोरा
– पतंगी कागद ३ ताव (२० × ३० इंची)
– खळीसाठी (कागद चिकटवायच्या चिकीसाठी) मैदा

कामट्या बुरुडाकडे मिळतात. पुण्यात बुरूड आळी आहेच, बाकी गावांत टोपल्या-सुपं विणणाऱ्यांकडे विचारा. आदल्या रात्री पाण्यात टाका. कोरडी कामटी कापताना चिरते आणि दोरा आवळताना टोकाशी फाटते. सकाळी काढून पुसा आणि ओलसर असतानाच बांधा. कुसं पॉलिश पेपरने मारून घ्या, नाहीतर कागद हमखास तिथे फाटतो.

प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांपासून पाऊण सेंमीवर पेन्सिलने खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर २० सेंमी आलं पाहिजे. कामटीची लांबी थोडी मागेपुढे झाली तर चालेल, खुणांचं अंतर नाही.

आता गाठ. नवखे लोक फुलीसारखे दहा वेढे देतात आणि सोडून देतात, मग चौकोन लटपटतो. एका कामटीवर दोरा बांधा, तिरके तीन वेढे द्या, मग उलट दिशेने तिरके तीन. आता महत्त्वाचं: दोरा दोन कामट्यांच्या मधून घेऊन आधीच्या वेढ्यांनाच दोनदा आवळा आणि गाठ मारा. हा आवळलेला वेढा दिला नाही तर बाकीच्यांचा उपयोग नाही. वर फेविकॉलचा एक थेंब.

चौकोन झाला की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८.३ सेंमीच्या जवळ हवेत, फरक ३ मिमीच्या वर नको. चौकोन शंकरपाळ्यासारखा तिरका झाला असेल तर पुढे कंदील पिळलेला दिसणार आणि मग कितीही ओढाताण केली तरी सरळ होणार नाही. काटकोन पक्का ठेवायला वरच्या आणि खालच्या चौकोनात फुलीचा दोरा ताणून बांधा. बाजूच्या चौकोनांना पुढे कागदच धरून ठेवतो, त्यामुळे सांगाडा कागदाआधी थोडा डुलला तर घाबरू नका.

कागदाचं उद्या.

शंकासुर | २९ सप्टेंबर, सकाळी ८:१५

कामट्या नाही मिळाल्या तर? खराट्याच्या काड्या?

कामटी_दोरा | २९ सप्टेंबर, सकाळी ९:३०

खराट्याचे हीर टोकाकडे निमुळते असतात. बाजू १२ सेंमीच्या आत असेल तर जाड बुडख्याकडचा भाग चालतो, त्यापेक्षा मोठ्या कंदिलाला वाकतात. फाटकी बांबूची चटई किंवा मोडका पडदा असेल तर त्यातल्या पट्ट्या उत्तम, फक्त दोन-दोन एकत्र बांधा. स्ट्रॉ, थर्माकोल वगैरे सुचवू नका. थर्माकोलच्या सजावटीला महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि दिव्याच्या उष्णतेने तो वितळतो ते वेगळंच.

मीठमोहरी | २९ सप्टेंबर, दुपारी १:२०

भाजणीचं कोणीतरी लिहा ना. वाटीचं माप नको, वजनात हवं. प्रत्येकाची वाटी वेगळी.

पाटावरवंटा | २९ सप्टेंबर, दुपारी ३:५०

मीठमोहरीताई, हे घ्या. साधारण एक किलोला थोडी कमी भाजणी होते:

तांदूळ (जुना, जाडा, रेशनचा उत्तम) ५०० ग्रॅम
चणाडाळ २५० ग्रॅम
उडीदडाळ १२५ ग्रॅम
जाडे पोहे ५० ग्रॅम
धणे २५ ग्रॅम
जिरे २ मोठे चमचे

म्हणजे तांदूळ, चणा, उडीद ४ : २ : १. हे प्रमाण लक्षात ठेवलं की कितीचीही करता येते. महाग बासमती-आंबेमोहोर इथे पैसे वाया. नवा तांदूळ चिकट, त्याची चकली कडक होते.

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुवून, निथळून, सुती कापडावर सावलीत पसरा. हाताला ओल लागता कामा नये. उन्हात वाळवले तर तांदूळ तडकतो आणि भाजताना कण्या जळतात.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा, मध्यम आचेच्याही थोडं खाली. तांदूळ हलके आणि पांढरे होऊन किंचित फुलेपर्यंत. लाल करायचे नाहीत. चणाडाळीचा खमंग वास सुटला की उतरवा, दाताखाली कुरकुरली पाहिजे. उडीदडाळ सगळ्यात लवकर करपते, तिच्यापासून हलू नका. पोहे, धणे, जिरे नुसते गरम. कमी भाजलं तर चकलीला कच्चट वास येतो आणि पीठ चिकटतं. जास्त भाजलं तर चकली काळपट होते आणि दाबतानाच तुटते, कारण पिठाला धरून ठेवण्याची ताकद उरत नाही.

पूर्ण गार झाल्यावरच दळा. गरम दळलं तर पिठाला डब्यात घाम येतो.

गिरणीत द्यायची तर तांदळाच्या किंवा दुसऱ्या भाजणीच्या दळणावर टाकायला सांगा, गव्हावर नको. दळण मध्यम बारीक. आणि हो, अर्धा किलोसाठी गिरणीत जाऊ नका, मूठभर जात्यातच राहतं आणि तेवढंच दुसऱ्याचं पीठ आपल्यात येतं. थोडी असेल तर मिक्सरवर दळून पिठाच्या चाळणीने चाळा, वरचा रवा पुन्हा फिरवा.

शंकासुर | २९ सप्टेंबर, सायं. ५:०५

पण मग पाव किलो चकलीसाठी एवढा व्याप? तयार भाजणीचा पुडा आणला तर?

पाटावरवंटा | २९ सप्टेंबर, सायं. ५:४०

पाव किलोसाठी खुशाल आणा, बचत नाहीच त्यात. घरची भाजणी परवडते किलोच्या पुढे. दोन-तीन घरांनी मिळून चार किलो केली तर सगळ्यात स्वस्त. घट्ट डब्यात दोन महिने सहज राहते.

मीठमोहरी | २९ सप्टेंबर, रात्री ८:१०

धन्यवाद! आता उकड आणि तळण. गेल्या वेळची चकली तेलात टाकली की काटे सुटून भुगा झाला, असं का होतं?

पाटावरवंटा | २९ सप्टेंबर, रात्री १०:२५

मोहन (पिठात घातलेलं तेल) जास्त. किंवा तळणीचं तेल पुरेसं तापलेलं नाही. बहुतेक वेळा दोन्ही.

आधी सरळ कृती. ४ वाट्या भाजणी असेल तर त्याच वाटीने ३ वाट्या पाणी उकळा. पाण्यातच ४ मोठे चमचे तेल, ४ लहान चमचे लाल तिखट, २ लहान चमचे मीठ, १ लहान चमचा ओवा (हातावर चुरून), अर्धा चमचा हिंग, २ मोठे चमचे पांढरे तीळ. खळखळ उकळी फुटली की गॅस बंद करा आणि मग भाजणी घाला. उलथण्याच्या दांड्याने ढवळून घट्ट झाकण ठेवा, अर्धा तास हात लावू नका. गॅस चालू ठेवून भाजणी घातली की खाली करपते आणि गोळ्या होतात.

मळताना एका वेळी दोन मुठी उकड घ्या, सगळी नको. कोमट पाण्याचा हात लावत तळव्याने रगडायचं. गोळा कसा हवा हे ओळखायची खूण: बोटाएवढी वळी करून अर्धगोल वाकवा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या तर अजून पाण्याचा हात हवा. वळी वाकली पण बोटाला चिकटली तर पाणी जास्त झालं, मूठभर कोरडी भाजणी मिसळा.

सोऱ्याला आतून तेलाचं बोट फिरवा. चांदणीची ताटली तपासा, मागच्या वर्षीचं पीठ खाचांत वाळून बसलेलं असतं आणि आपण म्हणतो काटे का येत नाहीत.

आता सगळ्यात पैसे वाचवणारी गोष्ट. एकच चकली पाडा, तळा, गार करा आणि खा. गरम चकलीवरून काही कळत नाही, गरम सगळ्याच कुरकुरीत लागतात. मग उरलेल्या उकडीत दुरुस्ती करा:

तेलात विरघळते: मोहन जास्त. कोरडी भाजणी दोन मोठे चमचे मिसळून पुन्हा मळा.
दाताला कडक: मोहन कमी. एक चमचा कडकडीत तेल उकडीवर घालून मळा.
पाडताना तुटते: गोळा कोरडा किंवा मळणं कमी. कोमट पाणी, आणखी पाच मिनिटं रगडा.
बाहेर लाल, आत मऊ: आच मोठी होती. पिठाचा दोष नाही.
तेलकट: तेल थंड होतं किंवा एकदम खूप टाकल्या.

तेल तापलं का हे बघायला पिठाचा वाटाण्याएवढा तुकडा टाका. तळाशी जाऊन क्षणभराने बुडबुडे घेत वर आला पाहिजे. लगेच उसळी मारून लाल झाला तर तेल जास्त तापलंय, तळाशीच बसला तर थांबा. टाकताना आच मध्यमच्या वर, टाकल्यावर एक मिनिट झाऱ्या लावू नका, मग मध्यम. आवाज आणि बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे आतलं पाणी गेलं, तेव्हा काढा. रंगावर जाऊ नका.

(तांत्रिक वाद नको म्हणून: तेलात *हसतो* तो अनारसा, चकली विरघळते. दोन्हींत रडायचं आपणच.)

कोयरी | २९ सप्टेंबर, रात्री ११:००

तेलाच्या खर्चाबद्दल एक भर. पसरट कढईऐवजी अरुंद, खोल कढई घ्या, अर्धा लिटर तेलात दोन-दोन चकल्या नीट तळून होतात. आणि तळण्याचा क्रम: आधी शंकरपाळे-करंज्या, मग शेव, चकली सगळ्यात शेवटी. तिखट, तीळ आणि ओवा तेलात उतरतात, त्यानंतर गोडाचं काही तळलं की वास लागतो आणि तेल बदलावं लागतं. उरलेलं तेल गाळून फोडणीला आठवड्यात संपवा, पुन्हा तळणाला नको.

कामटी_दोरा | ३० सप्टेंबर, सकाळी ७:५०

कागद.

खळ: २ मोठे चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळत तीन-चार मिनिटं. पांढरं पाणी काचेसारखं अर्धपारदर्शक झालं की उतरवा, गार करून वापरा. जुने लोक कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलं बोटं चाटतात, अजिबात घालू नका. एवढ्याशा कामाची खळ तशीही दोन दिवसांत संपते.

कापणी: चौकोन २३ × २३ सेंमी, चार नग, एका तावात बसतात. त्रिकोण २५ सेंमी बाजूचे, आठ नग. दुसऱ्या तावावर दोन ओळींत एक उलटा-एक सुलटा असे मांडले तर बसतात. दोन्हींत चारी बाजूंनी दीड सेंमी दुमडायला आहे, कोपरे मात्र तिरके छाटा नाहीतर गाठीवर गोळा होतो. तिसरा ताव शेपट्या आणि झिरमिळ्यांना. चौकोन आणि त्रिकोण वेगळ्या रंगांचे ठेवा. पिवळा-लाल किंवा पांढरा-गुलाबी रात्री उजळतो. गडद निळा, जांभळा दिवसा सुंदर आणि रात्री काळा.

आधी चारही चौकोन लावा, सुकू द्या. मग त्रिकोण. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. कागदाला लावली की तो ओला होऊन ताणला जातो आणि ओढताना फाटतो. बोटाने पातळ थर, कागद ठेवून कड आत दुमडून दाबायची. जाड खळ सुकल्यावर दिव्याच्या उजेडात डागासारखी दिसते. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, वरून गरम हवा जाते आणि खालून दिवा बदलता येतो.

जाळीची शेपटी: ५० सेंमी लांब, १० सेंमी रुंद पट्टी लांबीत दोनदा दुमडा, अडीच सेंमीची घडी होईल. एका कडेने पाऊण घडीपर्यंत काप, एक सेंमी सोडून दुसऱ्या कडेने तसाच काप, असं शेवटपर्यंत. अलगद उलगडून खाली ओढली की जाळी पडते. काप पलीकडच्या कडेपर्यंत गेला तर पट्टी हातात तुकड्यांनी येणार. खालच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार, बाजूच्या चार सांध्यांना साध्या झिरमिळ्या.

टांगायला वरच्या चार कोपऱ्यांना ३५ सेंमीचे चार दोरे, वर एका कडीत एकत्र.

उंडगा | ३० सप्टेंबर, सकाळी १०:१०

कंदील एका बाजूला कलतो त्याचं काय?

कामटी_दोरा | ३० सप्टेंबर, सकाळी १०:४५

नव्वद टक्के वेळा वायर ओढते. होल्डरची वायर आधी कडीला दोऱ्याने बांधा, मग सैल सोडून आत घ्या. वायरचं वजन कडीवर, दिव्याचं वजन वरच्या चौकोनावर आडव्या बांधलेल्या दोन कामट्यांवर. होल्डर त्या दोन कामट्यांच्या मधे धरून बांधायचा. तरी कलला तर चार दोऱ्यांतला एक लांब आहे.

दिवा एलईडीच, ५ वॉटचा पुरे. वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत साधारण १८–१९ दिवस रोज पाच तास लावला तरी सगळी मिळून अर्ध्या युनिटच्या आसपास वीज. जुना ६० वॉटचा पिवळा दिवा पतंगी कागदाच्या कंदिलात लावू नका, तापतो आणि कागद एकदा पेटला की विझवायला वेळ मिळत नाही.

पावसाचं म्हणाल तर परतीचा पाऊस राहू दे, नुसत्या दवानेही पतंगी कागदाचा रंग ओघळतो. छपराच्या आत हातभर टांगा. भिंत पांढरी असेल तर जास्तच आत.

सातासमुद्रापार | ३० सप्टेंबर, रात्री ११:३०

इकडे ना बुरूड ना गिरणी. कबाबाच्या बांबूच्या काड्या मिळतात, २५–३० सेंमीच्या. पतंगी कागद नाही, भेटवस्तू गुंडाळायचा पातळ टिश्यू मिळतो. आणि भाजणीशिवाय चकली होईल का?

कामटी_दोरा | १ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

चालतील. गोल काडीवर दोरा घसरतो, म्हणून खुणेच्या जागी सुरीने हलकी खाच पाडा किंवा तेवढाच भाग पॉलिश पेपरने खरवडा. ३ मिमीच्या काडीला बाजू १५ सेंमीच्या वर नेऊ नका. टोकदार बाजू कापून टाका. टिश्यू फार पातळ असतो, दुहेरी लावा. पांढरा असेल तर सुकल्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, वाळताना ताणून बसतो. रंगीत असेल तर हे करू नका.

पाटावरवंटा | १ ऑक्टोबर, सकाळी ११:००

गव्हाच्या पिठाची उकडलेली चकली करा, मोहनही लागत नाही. २ वाट्या कणीक सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांधून, भांड्यात ठेवून, कुकरमध्ये शिटी न लावता २०–२५ मिनिटं वाफवा. पाणी पुरचुंडीला लागता कामा नये, भांड्यावर झाकणी ठेवा. बाहेर काढल्यावर दगडासारखा गोळा दिसेल, बरोबर आहे. गरम असतानाच फोडा, मिक्सरमधून फिरवा, चाळा. वाफेने कणकेचा ताण जातो, म्हणून चकली चिवट न होता खुसखुशीत होते. तिखट, मीठ, तीळ, जिरे घालून ताकात किंवा पाण्यात मळा, लगेच पाडा. न चाळता मळलं तर एक गुठळी सोऱ्याच्या खाचेत अडकते आणि चकलीचा एक काटा गायब.

भाजणीच्या चकलीची खमंग चव याला नाही, हे आधीच सांगते. पण निम्म्या खर्चात आणि एका तासात होते.

तळकोकण | १ ऑक्टोबर, दुपारी २:१५

फराळ म्हणजे तळणच असं का धरून चाललात सगळे? आमच्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी पोह्यांचा मान. कारीट (छोटं कडू रानफळ) पायाने फोडून झालं की पानात चार-पाच तऱ्हेचे पोहे: गुळाचे, दुधातले, ताकातले, फोडणीचे, बटाट्याचे. तेल जवळजवळ नाही.

गूळपोहे: २ वाट्या लाल जाडे पोहे चाळणीत धुवून दहा मिनिटं निथळत ठेवा. १ वाटी ओलं खोबरं आणि पाऊण वाटी चिरलेला गूळ आधी हाताने एकजीव करून पाच मिनिटं ठेवा, गुळाला पाझर फुटतो. मग पोहे आणि वेलची मिसळा. उलट केलंत, म्हणजे पोह्यांवर थेट गूळ टाकलात, तर गुळाचे खडे तसेच राहतात आणि ते विरघळवायला चुरडत बसल्यावर पोह्यांचा लगदा. चिमूटभर मीठ विसरू नका.

मीठमोहरी | १ ऑक्टोबर, सायं. ६:३०

मस्त! पातळ पोह्यांच्या चिवड्याचंही द्या कोणीतरी, माझा आकसतो.

कोयरी | १ ऑक्टोबर, रात्री ८:००

पोहे मोठ्या आचेवर गेले म्हणून. अर्धा किलो पातळ पोहे दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा. मग मंद आचेवर थोडे-थोडे, आठ-दहा मिनिटं, बोटात चुरडेपर्यंत. फोडणीला दीड वाटीपेक्षा जास्त तेल लागत नाही. शेंगदाणे १०० ग्रॅम, डाळं १०० ग्रॅम, खोबऱ्याचे काप ५० ग्रॅम, मिरच्या आठ. मिरची आणि कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत तळा, त्यांच्यात ओल राहिली तर तिसऱ्या दिवशी सगळा डबा मऊ. मीठ आणि पिठीसाखर दोन्ही बारीक दळून. जाडं मीठ तळाशी जातं.

वस्त्रगाळ | २ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

उटणं राहिलं. मसूरडाळ २०० ग्रॅम, वाळलेली संत्र्याची साल ५० ग्रॅम, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी प्रत्येकी २५ ग्रॅम, वाळा १० ग्रॅम. काष्ठौषधींच्या दुकानात सगळं सुटं मिळतं. साल सावलीत खडखडीत वाळलेली हवी, नाहीतर पंधरा दिवसांत बुरशी. नागरमोथा आणि वाळा मिक्सरचं पातं खराब करतात, आधी खलबत्त्यात कुटून घ्या. शेवटी सुती कापडातून गाळा. चाळणीने भागत नाही, वाळ्याची कुसं अंगाला टोचतात. कोपराच्या आत थोडं लावून आदल्या दिवशी बघावं, विशेषतः लहान मुलांना.

उंडगा | २ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

किल्ल्यावरच्या हिरवळीचं झटपट: हळीव. दोन मोठे चमचे हळीव अर्धा तास भिजवा, चिकट होतात, मग चिखलावर बोटाने पसरा. वरून माती टाकू नका. पहिला दिवस ओल्या गोणपाटाने झाका, दुसऱ्या दिवशी काढा. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं. मोहरीला दिवस-दोन दिवस जास्त. पाणी फवाऱ्याने, तांब्याने ओतलंत तर सगळं बी बुरुजावरून पायथ्याशी. सांगाड्याला विटा-दगड आणि त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट. नुसत्या मातीचा ढीग वाळला की तडकतो.

शंकासुर | २ ऑक्टोबर, दुपारी ४:००

पणत्या तेल पितात त्यावर काही?

कोयरी | २ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

नव्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पुसून थोड्या सुकवा. मातीची छिद्रं पाण्याने भरली की तेल कमी शोषतं.

मीठमोहरी | ४ ऑक्टोबर, रात्री ९:५०

एक-एक चकली तळून दोनदा दुरुस्ती केली. पहिली कडक, दुसऱ्यांदा एक चमचा तेल जास्त झालं, तिसरी जमली. वाया गेल्या फक्त दोन. आता शेवटचा प्रश्न कामटी_दोरा यांना: दिवाळी झाल्यावर कंदील ठेवायचा कुठे? माळ्यावर चेपतो.

कामटी_दोरा | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:३५

ठेवायचाच नाही उभा. ओल्या फडक्याने कडा भिजवा, खळ मैद्याची असल्यामुळे कागद पाच मिनिटांत सुटतो (फेविकॉलने कागद लावला असेल तर खरवडत बसा). फुलीचे दोरे सोडा, मग चौकोन एकमेकांना जोडणारे बारा सांधे तेवढे कापा, चौकोनांच्या स्वतःच्या गाठी राहू द्या. सहा चौकोन एकावर एक ठेवले की दोन-तीन बोटं जाडीची चळत होते, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या मागे सरकवा. मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, बांबूला भुंगा लागतो. पुढच्या वर्षी फक्त बारा गाठी आणि तीन ताव.